दोन एकर बाग विकण्याआधी नऊ आठवडे थांबा

तासगाव तालुक्यात माहेर असलेल्या आणि पुण्यात नोकरी करणाऱ्या एका ताईंचं पत्र आलंय. त्यांचे वडील ६४ वर्षांचे, वजन ५२ किलो. आयुष्यभर तंबाखूचा बार. दोन वर्षांपूर्वी गालाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं, मग रेडिएशन आणि सोबत सिस्प्लॅटिन ही केमो. आता मानेत पुन्हा गाठ आलीय आणि फुप्फुसात दोन ठिपके दिसतायत. डॉक्टरांनी निवोलुमॅब हे इम्युनोथेरपीचं, म्हणजे शरीराच्याच प्रतिकारशक्तीला कॅन्सरवर सोडणारं, इंजेक्शन सुचवलंय, दर पंधरा दिवसांनी २४० मिलिग्रॅम. रुग्णालयाने कागदावर लिहून दिलेला खर्च डोसला २ लाख ४० हजार. दादाने वर्षाचा हिशेब मांडला, बासष्ट लाख निघाले, आणि त्याने द्राक्षबागेच्या दोन एकरांसाठी गिऱ्हाईक बघितलं. इसाराची तारीख ठरलीय. ताईंचा प्रश्न: ‘जमीन विकू द्यावी, की माझी सात लाखांची एफडी मोडावी? की दोन्ही?’

ताई, आधी दादाचा हिशेब बघू. गुणाकार बरोबर आहे, २६ डोसांचे ६२ लाख ४० हजारच होतात. पण वर्षाचे सगळे डोस होतील हे त्याने धरूनच टाकलंय. औषध लागू पडतंय की नाही हे साधारण नवव्या आठवड्यातल्या पहिल्या स्कॅनला कळतं. तोवर चार डोस होतात. आज उभे करायचेत ते या चार डोसांचे पैसे. पाचवा द्यायचा की नाही, हे स्कॅन हातात आल्यावर डॉक्टर ठरवतील. औषध हप्त्याहप्त्याने घेता येतं, जमीन मात्र एकदाच जाते.

आता कोणी सहसा उघड बोलत नाही ते आकडे. तोंड-मान-घशाचा कॅन्सर सिस्प्लॅटिनच्या गटातल्या औषधानंतर उलटला तर निवोलुमॅब किती उपयोगी, याचा मोठा अभ्यास २०१६ मध्ये आला. ३६१ रुग्ण होते. वर्षानंतर हयात होते निवोलुमॅबवाल्यांतले शंभरात ३६ आणि जुन्या औषधांवरच्यांतले शंभरात १७. निम्मे रुग्ण साडेसात महिन्यांपर्यंत जगले, दुसऱ्या बाजूला हाच आकडा पाच महिन्यांचा. गाठ ठळकपणे आकसली ती शंभरात तेरा जणांची. त्या तेरांपैकी काहींना मात्र लांबचा पल्ला मिळतो, म्हणूनच या औषधाचा एवढा बोलबाला. ज्या शोधावर ते उभं आहे, त्याला २०१८ चं नोबेल मिळालं. हे वडिलांना औषध देऊ नका म्हणून सांगत नाहीये. पैसे कशावर लागतायत ते दादालाही दिसावं म्हणून सांगतोय.

किमतीकडे वळू. तुमच्या कागदावरचा दर मूळ कंपनीच्या औषधाचा दिसतो. जानेवारी २०२६ मध्ये झायडस या औषध कंपनीने ‘तिष्ठा’ नावाने निवोलुमॅबचं बायोसिमिलर, म्हणजे मूळ औषधाशी मिळतंजुळतं स्वस्त औषध, भारतात आणलं. १०० मिलिग्रॅमची कुपी २८,९५० रुपयांना, ४० ची १३,९५० ला. २४० मिलिग्रॅमसाठी शंभराच्या दोन आणि चाळीसची एक, म्हणजे ७१,८५०. चार डोस २ लाख ८७ हजारांत, जिथे तुमच्या कागदाप्रमाणे ९ लाख ६० हजार लागतात. ही छापील किंमत झाली, घाऊक औषधवाल्याकडे बहुधा आणखी कमी पडेल. शिवाय मघाच्या अभ्यासात डोस वजनावर होता, किलोला ३ मिलिग्रॅम. ५२ किलोंना १५६ मिलिग्रॅम, म्हणजे शंभराची एक आणि चाळीसच्या दोन कुप्या, ५६,८५० रुपये. डोसामागे पंधरा हजारांचा फरक. वजनावर डोस चालेल का, एवढं डॉक्टरांना विचारायला लाजू नका. डोस ठरवणं माझं काम नाही, पण विचारणं तुमचं आहे.

आणखी एक गोष्ट विचाराच. मुंबईच्या टाटा मेमोरियलच्या डॉक्टरांनी याच आजारात निवोलुमॅबचा अगदी छोटा डोस वापरून पाहिला, फक्त २० मिलिग्रॅम, तीन आठवड्यांतून एकदा. सोबत मेथोट्रेक्सेट, सेलेकॉक्सिब आणि एर्लोटिनिब या तोंडाने घ्यायच्या गोळ्या. १५१ रुग्णांच्या त्या अभ्यासात नुसत्या गोळ्यांवर वर्षभर जगले शंभरात १६, आणि छोट्या डोसाची जोड मिळालेले ४३. तुलना नुसत्या गोळ्यांशी होती हे लक्षात ठेवा. छोटा डोस मोठ्याइतकाच चांगला, असं त्यातून सिद्ध होत नाही. पण पैशांचा फरक बघा. चाळीसची कुपी प्रत्येक वेळी एकट्यासाठी फोडली तरी नऊ आठवड्यांत तीन डोस, ४१,८५० रुपये. वर्षभर चाललं तरी सव्वादोन-अडीच लाख. एकाच दिवशी दोन रुग्ण बोलावून एक कुपी दोघांत वापरता आली तर त्याच्याही निम्मं. मोठ्या डोसासाठी जमीन विकायची वेळ येत असेल, तर हा पर्याय डॉक्टरांसमोर ठेवल्याशिवाय इसार घेणं मला पटत नाही. टाटात किंवा दुसऱ्या एखाद्या कॅन्सर रुग्णालयात जाऊन दुसरं मत घ्या. मुंबईची एक खेप इथे सगळ्यात स्वस्त गुंतवणूक आहे.

स्वस्ताच्या नादात एक सांभाळा. मार्च २०२४ मध्ये दिल्ली पोलिसांनी एक टोळी पकडली. महागड्या कॅन्सर इंजेक्शनांच्या रिकाम्या कुप्या रुग्णालयांतून विकत घ्यायच्या, त्यांत बुरशीवरचं स्वस्त औषध भरायचं आणि गरजू नातेवाइकांना ‘डिस्काउंट’मध्ये विकायचं, असा धंदा होता. निवोलुमॅबच्या कुप्याही त्यात सापडल्या. तेव्हा ओळखीच्या ओळखीतून कुणी अर्ध्या किमतीत देतो म्हणाला तर हात जोडा. पक्कं बिल घ्या, त्यावरचा बॅच नंबर आणि कुपीवरचा नंबर जुळवा. कुपी दोन ते आठ अंशांत, बर्फाला न चिकटवता आलेली हवी. सलाइन लावून झाल्यावर रिकामी कुपी तुमच्यासमोर नष्ट करायला सांगा. नर्सताईंना विचित्र वाटलं तर वाटू दे.

सुरक्षिततेबद्दल तुम्ही विचारलंय, आणि तोही शेवटी पैशांचाच प्रश्न आहे. हे औषध केमोसारखं केस घालवत नाही, उलट्यांनी माणसाला फारसं आडवंही पाडत नाही. त्या २०१६ च्या अभ्यासात गंभीर त्रास निवोलुमॅबवर शंभरात १३ जणांना झाला, जुन्या औषधांवर ३५ जणांना. पण त्रासाची जात वेगळी. प्रतिकारशक्तीचा लगाम सुटतो तेव्हा ती गाठीसोबत स्वतःच्याच शरीरावर धावून जाऊ शकते. थायरॉइड मंदावणं नेहमीचं, त्याची गोळी स्वस्त आहे. फुप्फुसाला किंवा आतड्याला सूज आली, लिव्हर बिघडलं, क्वचित हृदयाच्या स्नायूला सूज आली, तर आयसीयू आणि स्टेरॉइड. एखाद्याला मधुमेह होऊन कायमचं इन्सुलिन लागतं. औषध थांबल्यावर काही महिन्यांनीही हे उद्भवू शकतं. म्हणून माझ्या हिशेबात डोसांच्या पैशांखेरीज तीन लाख निव्वळ या धोक्यासाठी वेगळे, हात न लावता. दुसरं म्हणजे, वडिलांना कोरडा खोकला लागला, धाप लागली किंवा जुलाब सुरू झाले, तर गावातल्या डॉक्टरांकडून जुलाबाची गोळी घेऊन वाट बघायची नाही. त्याच दिवशी कॅन्सरच्या डॉक्टरांना फोन. उशीर झाला की बिलही वाढतं.

विम्याबद्दल. वडिलांची पाच लाखांची पॉलिसी आहे आणि ‘मुक्काम नाही, म्हणून क्लेम नाही’ असं एजंट म्हणाला, असं लिहिलंय तुम्ही. एजंटचं तोंडी उत्तर म्हणजे कंपनीचं उत्तर नव्हे. विमा कंपन्यांवर देखरेख करणाऱ्या इर्डाने २०१९ मध्ये बारा आधुनिक उपचारांची यादी काढली, त्यात इंजेक्शनने द्यायची मोनोक्लोनल अँटिबॉडी इम्युनोथेरपी स्पष्ट लिहिलेली आहे. निवोलुमॅब त्यातच मोडतं. कंपनीला यावर उपमर्यादा घालता येते. पॉलिसीत ‘मॉडर्न ट्रीटमेंट’ असं शीर्षक शोधा, बऱ्याच ठिकाणी विमा रकमेच्या निम्मे लिहिलेले असतात, म्हणजे तुमचे अडीच लाख. डे-केअर, म्हणजे मुक्कामाशिवायचा उपचार, म्हणून पूर्वपरवानगी मागा, नकार आला तर कारणासकट लेखी घ्या. पुण्यात विमा लोकपालाचं कार्यालय आहे, तिथे वकील लागत नाही. महात्मा फुले योजनेत हे इंजेक्शन पॅकेजमध्ये बसतं का, ते रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारा. मूळ कंपनीचंच औषध घ्यायचं ठरलं तर काही डोस विकत घेतल्यावर पुढचे मोफत, अशी योजना आहे का तेही पहिल्या डोसाआधी विचारायचं, नंतर अर्ज केला तर मागचे डोस बहुधा धरत नाहीत. करबचतीचं थोडक्यात: वडील तुमच्यावर अवलंबून असतील आणि तुम्ही जुन्या करपद्धतीत असाल, तर जिला आपण ८०डीडीबी म्हणतो ती वजावट ज्येष्ठांच्या आजारासाठी एक लाखापर्यंत मिळते, विम्याचे आलेले पैसे वजा करून.

आता उत्तर. बायोसिमिलरचे चार डोस, तपासण्या, स्कॅन आणि धोक्याचे तीन लाख मिळून जास्तीत जास्त साडेसहा लाख. छोटा डोस ठरला तर चार लाखांतही भागेल. यातले अडीच लाख विम्यातून यावेत, पण आधी भरावे तुम्हालाच लागतील. एफडी मोडू नका, तिच्यावर ओव्हरड्राफ्ट घ्या. व्याज एफडीच्या दरापेक्षा एक-दोन टक्के जास्त पडेल आणि तेही वापरलेल्या पैशांवरच. तुमच्या पीएफमधून आई-वडिलांच्या आजारपणासाठी पैसे काढता येतात, ते परत भरावे लागत नाहीत, पण ते दुसऱ्या नंबरला ठेवा. आईचं चौदा तोळे सोनं पत्रात तुम्ही जाता जाता लिहिलंय. विकू नका. दादाने त्यातलं थोडं तारण ठेवून त्याचा वाटा उचलावा, कारण सगळा भार तुमच्या पगारावर टाकून दादाला बाग वाचवता येणार नाही.

आणि बाग. घाईच्या विक्रीत काय होतं ते मी जवळून पाहिलंय. माझ्याकडे आलेल्या एका कुटुंबाने दुसऱ्या डोसालाच इसार घेतला. दुखण्याची बातमी गिऱ्हाइकाच्या कानावर आधीच गेली होती, त्यामुळे भाव एकरी चार लाखांनी पाडून मागितला गेला. तिसऱ्या डोसानंतर तब्येत इतकी ढासळली की डॉक्टरांनीच औषध थांबवलं. इसाराचे पैसे खर्च झाले होते, परत देता येईनात. दस्त करून द्यावाच लागला. गावापासच्या शेतजमिनीवर भांडवली नफ्याचा कर बहुतेक वेळा लागत नाही, हे दादा तुम्हाला ऐकवेल. खरं आहे ते. पण कर नाही म्हणून घाईचा सौदा स्वस्त पडत नाही. जमीन वडिलोपार्जित असेल तर हिंदू वारसा कायद्याच्या २००५ च्या दुरुस्तीने त्यात तुमचाही मुलाइतकाच हिस्सा आहे आणि दस्तावर बहुधा तुमचीही सही लागेल. ती नवव्या आठवड्यापर्यंत देऊ नका. भांडून नव्हे, हा कागद दादासमोर ठेवून. स्कॅन चांगलं आलं आणि डॉक्टर म्हणाले पुढे न्यायचं, तर तेव्हाही आधी एक एकर, आणि तेही द्राक्षाचा हंगाम उरकल्यावर.

तीन पानांच्या तुमच्या पत्रात दादा आहे, डॉक्टर आहेत, एजंट आहे. वडील स्वतः काय म्हणतात, हे एकाही ओळीत नाही. सातबारा त्यांच्या नावावर आहे आणि सलाइनही त्यांच्याच हाताला लागणार आहे. इसाराच्या तारखेआधी एका संध्याकाळी त्यांच्याजवळ बसा आणि शंभरातले ३६ अन् तेरा हे आकडे त्यांनाही सांगा. द्राक्षाचा भाव रोज बघून बाग सांभाळलेला माणूस आहे तो, त्याला हिशेब कळतो.