इन्चार्ज झालीस, आता एका बेडपाशी अडकू नको

तू विचारलंयस की ६ वर्षं स्टाफ नर्स होते, आता मेट्रन मॅडमनी ३० बेडच्या फिमेल मेडिकल वॉर्डची इन्चार्ज केलंय, दिवसभर नुसती पळापळ होते आणि जुन्या सिस्टर ऐकत नाहीत, तर नक्की कुठलं काम धरायचं. मी सोलापुरातच २२ वर्षं वॉर्डात काढली, त्यातली ९ इन्चार्ज म्हणून.

कुणाला सुई लावायला व्हेन (शीर) सापडत नाही म्हटलं की तू धावतेस ना, ते आधी कमी कर. हात तुझा चांगला असेल गं, पण तू तिथं अडकलीस की बाकीच्या २९ जणींकडे कोण बघणार?

सकाळचा हॅन्डओव्हर, म्हणजे नाईटवाल्यांकडून चार्ज, नर्सिंग स्टेशनवर बसून रजिस्टर वाचून घेऊ नको, बेड टू बेडच घे. आमच्याकडे पूर्व भागातली एक आजी होती, विड्या वळणारी, तेलुगू सोडून काही येत नव्हतं. नाईटच्या सिस्टरनी सांगितलं रात्रभर कण्हत होती, युरिन कमी आहे, डॉक्टरांना कळवलंय. बेडपाशी गेलो तर आजी ओटीपोटावर हात ठेवून सारखं तेच तेच म्हणतेय, आमच्या वॉर्डातल्या आयामावशींना तेलुगू येतं, त्या म्हणाल्या लघवी तुंबलीय म्हणते. चादर उचलली तर कॅथेटरची, म्हणजे लघवी बॅगेत नेणारी नळी तिच्याच मांडीखाली दबून मुडपलेली. सरळ केली आणि बॅग भरायला लागली, आजीनं माझा हात धरला तो सोडेचना. रजिस्टरमध्ये सगळं बरोबरच लिहिलं होतं. तेव्हापासून राउंडला मावशींना सोबत घेते.

जुन्या सिस्टर ऐकत नाहीत ते बऱ्याचदा ड्युटी लिस्टमुळे. गड्ड्याच्या यात्रेला, म्हणजे आपल्या सिद्धेश्वरच्या जत्रेला, सगळ्यांनाच घरी थांबायचं असतं, मागच्या वर्षी सुट्टी कुणाला दिली ते लिहून ठेव आणि लिस्ट सगळ्यांसमोर लाव, नाईट पण तशाच वाटून दे.

स्टाफ कमी पडत असेल तर तोंडी सांगून काही होत नाही. नर्सिंग कौन्सिलचा नॉर्म टीचिंग हॉस्पिटलच्या जनरल वॉर्डला ३ बेडमागे १ नर्स असा आहे, म्हणजे एका शिफ्टला ९ मागे १, वर रजेसाठी ३० टक्के जादा. रोज पेशंट किती, हजर किती हे लिहून मेट्रन मॅडमना देत जा, सही घे.

आणि उद्या गेल्या गेल्या क्रॅश कार्ट, म्हणजे इमर्जन्सीच्या औषधांची ट्रॉली, स्वतः उघड, लॅरिंगोस्कोपचा (श्वासाची नळी घालताना घसा बघायचं साधन) दिवा लागतो का बघ, सेल बहुतेक संपलेलेच सापडतात.