कंपास न वापरता नुसत्या घड्या घालून भूमितीच्या रचना जमतात का?

तुम्ही विचारलंय की कंपास-पट्टी न घेता कागदाच्या घड्यांनी खरी भूमिती होते, का तो नुसता लेकरांचा टाइमपास. मी परभणीत आठवी-नववीच्या ट्यूशन घेतो. अर्ध्या लेकरांच्या कंपासमधली पेन्सिलच ढिली असते, वर्तुळ सुरू एकीकडं होतं अन् संपतं भलतीकडंच, त्या वैतागातून मला हा नाद लागला. तर हो, होते, आणि एका जागी तर घडी कंपासच्याही पुढं जाते.

आधी सोपं बघा. कागदावरचा एक बिंदू दुसऱ्यावर आणून दाबला की मधली रेघ म्हणजे लंबदुभाजक, एक रेघ दुसरीवर आणली की कोनदुभाजक. आता समभुज त्रिकोण. झेरॉक्सचा कागद उभा धरा, डावी कड उजवीवर आणून मधोमध घडी घाला अन् उघडा. मग खालचा उजवा कोपरा बोटानं दाबून ठेवा आणि डावा कोपरा उचलून त्या मधल्या रेघेवर टेकवा, जिथं टेकला तो तिसरा शिरोबिंदू, पहिले दोन म्हणजे खालचे दोन कोपरे. माझ्याकडची एक पोरगी लगेच म्हणली, "सर, पण हे कोन साठ अंशाचेच कशावरून?" हाच प्रश्न यावा म्हणून तर हे सगळं करायचं! खालची कडच वर फिरली, म्हणून तिची लांबी तीच, आणि मधल्या रेघेवरचा कुठलाही बिंदू दोन्ही कोपऱ्यांपासून सारखाच लांब, झाल्या तिन्ही बाजू समान, म्हणून तिन्ही कोन साठचे.

आता कंपासच्या पुढची गोष्ट. कुठलाही कोन दिला तरी त्याचे तीन समान भाग पट्टी-कंपासनं करता येतीलच असं नाही (नव्वदचे येतात, साठचे नाही), हे 1837 मध्ये वांझेल या फ्रेंच गणितज्ञानं सिद्ध केलं, घडीनं मात्र येतात. चौरस कागदाच्या खालच्या डाव्या कोपऱ्यातून कोनाची रेघ काढा, कोनाची दुसरी भुजा म्हणजे खालची कड. खालच्या कडेला समांतर एक घडी घाला, मग खालची कड त्या घडीवर आणून मधोमध दुसरी. आता एकाच घडीत दोन गोष्टी साधायच्या: तो कोपरा खालच्या घडीवर यावा, आणि वरची घडी डाव्या कडेला जिथं मिळते तो बिंदू कोनाच्या रेघेवर. कोपरा जिथं पडला तिथं खूण करा, मूळ कोपऱ्यातून त्या खुणेपर्यंत रेघ ओढा, खालच्या कडेपासून बरोबर एक तृतीयांश. हे दोन्ही एकदम जुळवताना पहिल्या चार-पाच वेळा हुकतंच, कागद खिडकीला धरला की मागची रेघ दिसते.

हे काही परदेशातून आलेलं फॅड नाही बरं का, मद्रासच्या टी. सुंदर रावांनी 1893 मध्येच घड्यांच्या भूमितीवर आख्खं पुस्तक लिहिलं, तेही बालवाडीतल्या रंगीत कागदांवरून सुचलं म्हणून, आणि दोन वर्षांत जर्मनीचे मोठे गणितज्ञ फेलिक्स क्लाइन यांनी त्याची दखल घेतली.

कागदाचं तेवढं सांभाळा. लग्नपत्रिका जाड असते, घडीवर फुटते, पेपरची रद्दी लुळी पडते. झेरॉक्सचा नाहीतर टेलरकडचा बटर पेपर घ्या आणि घडी नखानं नीट दाबा. परीक्षेत मात्र रचना कंपासनंच काढायला लावा, कंसाच्या खुणा दिसल्या नाहीत तर मार्क जातात.