गाडी, गाणी आणि गाडीतली पुस्तकं

ठाण्याच्या वर्तकनगरमधल्या एका कुटुंबाचं ख्रिस्ती भजनमंडळ आहे. सुट्ट्यांत आणि नाताळाआधी ते गावोगावच्या मंडळ्यांमध्ये, म्हणजे चर्चमध्ये, गायला जातं. वाचकांच्या प्रश्नांना या वेळी उत्तरं देताहेत त्या घरच्या सूनबाई.

ताई, दौऱ्यात मुलांच्या हातात मोबाइलच असतो का? माझ्या मुलाला तो जेवतानाही लागतो. – एक आई, ऐरोली

असतो, खोटं कशाला बोलू? पण आमच्या गाडीत चार्जिंगचा पॉइंट एकच. त्यावर पहिला मान ड्रायव्हरदादांच्या फोनचा आणि दुसरा माझ्या दिरांचा, कारण पुढच्या गावच्या पाळकसाहेबांचे फोन त्यांना येतात. पोरांचा नंबर लागेस्तोवर मुरबाड मागे पडलेलं असतं, आणि माळशेज चढायला लागलं की रेंज जाते. मी किती ओरडले असते तरी जे झालं नसतं, ते ही रेंज करते.

घाटात पुस्तक उघडायचं नाही, हा सासूबाईंचा कायदा. वळणावर खाली मान घालून वाचलं की पोटात ढवळतं. म्हणून घाटात गाण्याच्या भेंड्या. ‘ळ’ आला तर ‘ल’, ‘ण’ आला तर ‘न’, इथवर सगळ्यांसारखंच. सिनेमातली गाणी आमच्या आप्पांना, म्हणजे सासऱ्यांना, चालतात. पण उपासनेतलं गाणं घेतलं तर ते अर्ध्यावर तोडायचं नाही, कडवं पुरं झालंच पाहिजे. पोरांनी यातूनही वाट काढली आहे. ‘ठ’ येणार असं दिसलं की समोरच्या बाजूला गोड आवाजात सांगतात, “आजी, अजून एक कडवं म्हण ना, किती छान म्हणतेस!” तेवढ्यात इकडे डोकी खाजवून होतात. सासूबाईंना हे कळतं, तरी त्या म्हणतात.

ओतूर आलं, रस्ता सरळ झाला, की पुस्तक निघतं. एकाने मोठ्याने वाचायचं, बाकीच्यांनी ऐकायचं. नगरकडे जाताना लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ असतेच. वडिलांच्या कडक सोवळ्याबद्दल त्यांनी जे लिहिलंय, त्यावर माझी मुलगी पोट धरून हसते. राहुरी-नगरची नावं आली की मुलं खिडकीबाहेर बघायला लागतात. लहानपणी शाळेचं तोंड न पाहिलेली बाई इतकं खुसखुशीत लिहू शकते, हे कुठल्याही भाषणापेक्षा मुलांना लवकर पटतं. संध्याकाळी गाण्याच्या वहीत कवीचं नाव बघून मुलीने विचारलं, “म्हणजे हे नारायण वामन टिळक तेच, त्यांचे यजमान?” तेच ते. त्यानंतर ते गाणं ती कंटाळा न करता म्हणते.

बाकीची पुस्तकं ठाण्याच्या मराठी ग्रंथसंग्रहालयातून आणतो. वि. ल. भावे यांच्या पुढाकाराने १८९३ साली सुरू झालेली ही संस्था आहे. ऐरोलीहून लांब नाही, मुलाला घेऊन जाऊन या. दौऱ्यात संग्रहालयाचं पुस्तक मात्र डब्यांच्या पिशवीत ठेवू देत नाही. आमच्या घरच्या एका विनोदी कथासंग्रहाच्या पन्नासेक पानांवर शेंगदाण्याच्या चटणीचं तेल एकाच आकारात उतरलंय, पुढे पुढे फिकट होत गेलेलं.

आणि सकाळी निघण्याआधी बायबलमधलं एक स्तोत्र. ते मुलंच वाचतात. आप्पा डोळे मिटून बसलेले असतात. पोरांना वाटतं झोपले. एखादा शब्द गाळला की डोळे न उघडता म्हणतात, “मागे ये.”

सासू-सुना, जावा-नणंदा सगळ्या एका गाडीत. भांडणं होत नाहीत? – एक काका, खारघर

होतात की, काका! खिडकीवरून होतात, त्यावर चहाला थांबलो की जागा बदलायची, एवढा तोडगा पुरतो. माईकवरून होतात त्यांना तोडगा नाही. दिरांना तयार ट्रॅक, म्हणजे आधीच रेकॉर्ड केलेली साथ, हवा, आप्पांना पेटी, तबला आणि टाळ. मी आप्पांच्या बाजूची. ट्रॅक लावला की गावातली माणसं हात बांधून ऐकत बसतात. टाळ वाजला की मागच्या रांगेतल्या म्हाताऱ्यासुद्धा आमच्या पुढे म्हणायला लागतात. वाशी-नेरुळच्या तरुण संघात गिटार आणि ट्रॅकच शोभतो, हे दिरांचं म्हणणं मला मान्य आहे. त्यांना सांगू नका.

असं गात फिरणं ही पद्धत परदेशातून आली का? – एक विद्यार्थी, कळवा

तिकडेही आहे, इकडेही होतीच. अमेरिकेत नॅशव्हिलच्या फिस्क विद्यापीठाकडे पैसे उरले नव्हते, तेव्हा १८७१ मध्ये तिथले विद्यार्थी गायक पैसे जमवायला बाहेर पडले. त्यातले बहुतेक गुलामगिरीतून सुटलेले. ‘फिस्क ज्युबिली सिंगर्स’ हे त्यांचं नाव. त्यांच्या गाण्यातून उभ्या राहिलेल्या पैशाने तिथे ज्युबिली हॉल बांधला गेला. आपल्याकडे कीर्तनकार आणि भजनी मंडळं पिढ्यान्‌पिढ्या गावं फिरत होतीच. नारायण वामन टिळकांनी अभंग-ओवीच्या वळणाने ख्रिस्ती गाणी लिहिली, त्यामुळे आमच्यासारख्यांना टाळ सोडावा लागला नाही. १८९५ साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला, पण कानातली मराठी चाल काही बदलली नाही.

पावसाळ्यात पेटी आणि तबला कसा सांभाळता? – एक वाचक, घणसोली

तबल्याची पुडी, म्हणजे वरचं कातडं, दमट हवेत सैल पडते आणि सूर उतरतो. वादीखाली बसवलेले लाकडी गठ्ठे हातोडीने हळूहळू खाली ठोकायचे, एका बाजूने न ठोकता आलटून पालटून, म्हणजे ताण सारखा बसतो. गाडीत तबला इंजिनाजवळ ठेवू नका. तिथल्या उष्णतेने पुडी ताणते, आणि मग गावात पोचल्यावर दुरुस्तीवाला शोधत बसावं लागतं. पेटीच्या पट्ट्या ओल धरून अडकतात. नव्या बुटांच्या खोक्यात येणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या आम्ही फेकत नाही, पेटीच्या खोळीत टाकतो. भिजली म्हणून पेटी उन्हात मात्र अजिबात ठेवू नका. लाकडाचे जोड सुटतात. पंख्याखाली, झाकण उघडं ठेवून, निवांत सुकू द्या.