प्रश्न तुमचे : दुकानातला डेटा आणि नफा

प्रश्न : आमचं विद्युत साहित्याचं दुकान आहे. रोज दीडशेच्या आसपास बिलं होतात. ‘बिग डेटा अ‍ॅनालिटिक्स’ (माहितीच्या प्रचंड साठ्याचं विश्लेषण करणारं सॉफ्टवेअर) घेतलं की नफा वाढतो, असं सॉफ्टवेअरवाले सांगतात. घ्यावं का?

उत्तर : इतक्यात नको. दीडशे बिलं, प्रत्येकात सरासरी चार ओळी आणि वर्षाचे ३०० दिवस धरले, तर वर्षाला १,८०,००० ओळी होतात. एक्सेलच्या एका शीटमध्ये १०,४८,५७६ ओळी मावतात. म्हणजे पाच वर्षांची विक्री एका शीटमध्ये बसते. पिव्होट टेबल (वस्तूनुसार, महिन्यानुसार बेरजा काढून देणारी एक्सेलमधली सोय) नीट वापरणारा एक माणूस तुम्हाला पुरे.

घोळ बहुधा मालाच्या यादीत असतो. एकच बल्ब ‘एलईडी ९ वॅट’, ‘९ वॅट बल्ब’ आणि ‘बल्ब एलईडी ९’ अशा तीन नावांनी चढवला असेल, तर कितीही महागडं सॉफ्टवेअर त्या तीन वेगळ्या वस्तूच मोजणार. एका वस्तूला एकच कोड द्या. सगळी यादी एकदम करायला घेऊ नका, कंटाळून अर्धवट सुटते. सर्वाधिक खपाच्या दोनशे वस्तूंपासून सुरुवात करा.

मग रोजची शिल्लक नोंदवा. हे बहुतेक जण टाळतात आणि नेमके इथेच फसतात. समजा, महिन्याच्या २६ दिवसांत एका स्विचचे ४० नग गेले, पण माल १६ दिवसच होता. मग खरी मागणी दिवसाला अडीच, म्हणजे महिन्याला ६५ नगांच्या आसपास. फक्त विक्रीचा आकडा पाहणारा ४० मागवतो आणि पुढच्या महिन्यातही माल तुटतो. माल यायला आठ दिवस लागत असतील, तर तेवढ्या काळाला २० नग आणि वर पाच दिवसांची राखीव शिल्लक धरून, ३३ नग उरले की ऑर्डर द्या.

फायदा झाला का, हे नुसत्या विक्रीवरून ठरवू नका. हंगामातही विक्री वाढतेच. सुरुवातीलाच तीन आकडे लिहून ठेवा : पडून असलेल्या मालाची किंमत, माल तुटल्याचे दिवस आणि ढोबळ नफ्याची (विक्रीतून मालाची खरेदी किंमत वजा करून उरणाऱ्या रकमेची) टक्केवारी. पुढे त्यांची तुलना गेल्या वर्षीच्या त्याच महिन्याशी करा. म्हणजे गेल्या वर्षीचे आकडेही आत्ताच काढून ठेवा.

प्रश्न : वेबसाइटवर दोन वेगळी पानं दाखवून कोणतं चालतं ते आठवड्यात कळेल का? रोज दोनशे लोक येतात.

उत्तर : कळणार नाही. सध्या शंभरात दोघं खरेदी करत असतील आणि नव्या पानाने ते प्रमाण अडीच टक्के होतं का हे खात्रीने पाहायचं असेल, तर प्रत्येक पानाला सुमारे १४,००० लोक लागतात. तुमच्याकडे त्याला साडेचार महिने लागतील. पहिल्या आठवड्यात दिसणारा फरक निव्वळ योगायोगाचा असू शकतो. त्यापेक्षा सहा महिने न फिरकलेल्या जुन्या ग्राहकांची यादी काढून त्यांना फोन करा.