विचारा की मॅडमना : उतारा पाठ होत नसतो गं

या वेळी पत्रं बरीच आलीत आणि गंमत म्हणजे निम्म्याहून जास्त इंग्लिशचीच. कॉलेजं सुरू होऊन महिना दीड महिना झाला की दरवर्षी हे होतंच. चार घेतलीत, बाकीच्यांनी राग मानू नका.

मॅडम, मी सुरगाण्याची, सध्या नाशकात होस्टेलला राहून एफवायबीए करतेय. बारावीपर्यंत मराठी मीडियम. आमचा इंग्लिशचा रीडिंग रायटिंग स्किल्सचा पेपर आहे त्यात उतारा देतात आणि खाली प्रश्न. मी गाइडमधले सगळे उतारे उत्तरांसकट पाठ केले तर टेस्टला भलताच आला. एक पान वाचायला मला पाऊण तास लागतो, प्रत्येक शब्द मोबाईलवर बघते, खाली येईपर्यंत वरचं विसरलेलं असतं. काय करू? — एक विद्यार्थिनी

अगं उतारा पाठ केलास! हसले नाही हं, खरं सांगायचं तर वाईट वाटलं, कारण एवढी मेहनत तू चुकीच्या विहिरीवर केलीस. हा पेपर मुद्दाम असा काढलेला असतो की पाठांतर कामाला येऊ नये. न पाहिलेला मजकूर तुझा तुला वाचता येतो का एवढंच त्यात बघायचं असतं, त्यामुळे गाइडमधलं तयार उत्तर वाचलंस की तो उतारा तुझ्यासाठी बाद झाला असं समज. गाइड विकत घेतलंच असशील तर उत्तरांच्या पानांना स्टेपलर मारून टाक आणि नुसते उतारे वापर.

आता पाऊण तासाचं. तू सगळं एकाच वेगाने वाचतेस. मराठीत असं करतेस का? स्टँडवर एसटीचं वेळापत्रक बघताना पहिल्या गाडीपासून शेवटच्या गाडीपर्यंत वाचत नाहीस, नजर थेट सुरगाणा शोधते. आणि पेपर हातात आला की आधी नुसती चाळतेस, मग एखादी बातमी धरून वाचतेस. तुमच्या सिलॅबसमध्ये ज्याला स्कॅनिंग आणि स्किमिंग म्हणतात ते हेच, शोधणं आणि चाळणं, तुला येतंच ते, फक्त इंग्लिश दिसलं की घाबरून सोडून देतेस. तर आधी दोन मिनिटं उतारा चाळ, प्रत्येक परिच्छेदाचं पहिलं वाक्य नीट बघ कारण माहितीपर लिखाणात मुद्दा बऱ्याचदा तिथेच असतो, मग प्रश्न वाच, आणि मग पेन्सिल घेऊन उतारा. १९४६ साली फ्रान्सिस रॉबिन्सन नावाच्या अमेरिकन प्राध्यापकांनी कॉलेजच्या पोरांसाठी एक पद्धत काढली, एसक्यूथ्रीआर म्हणतात तिला, म्हणजे आधी चाळा, मग स्वतःला प्रश्न विचारा, मग वाचा, मग पुस्तक मिटून आठवून सांगा आणि शेवटी परत बघा. इतक्या वर्षांनीही बऱ्याच ठिकाणी हीच शिकवतात. यातलं पुस्तक मिटून सांगणं कुणीच करत नाही आणि खरा फायदा तिथेच आहे. होस्टेलच्या रूममेटला मराठीत सांग हवं तर, चालेल.

आणि एक गोष्ट जी वर्गात कुणी सांगत नाही. इंग्लिशचं लांब वाक्य आपल्याला अडतं ते शब्दांमुळे कमी आणि क्रियापदामुळे जास्त. आपलं क्रियापद शेवटी येतं, त्यांचं मध्येच येऊन बसतं. हे वाक्य बघ : 'द फार्मर्स हू हॅड ब्रॉट अनियन्स टू लासलगाव ऑन मंडे रिफ्यूज्ड टू सेल.' माझ्या वर्गात निम्मी मुलं सांगतात की शेतकऱ्यांनी कांदा आणला. अरे आणला, पण बातमी ती नाहीये! 'हू'पासून 'मंडे'पर्यंत कंस टाक पेन्सिलने, उरतं काय, 'द फार्मर्स रिफ्यूज्ड टू सेल', शेतकऱ्यांनी विकायला नकार दिला. ज्या शेतकऱ्यांनी सोमवारी लासलगावला कांदा आणला होता त्यांनी. आपल्या 'जो... तो...' वाक्याच्या साच्यात हे बरोबर बसतं. रोज पाच वाक्यांना असे कंस टाक, पंधरा दिवसांत फरक दिसेल, नाही दिसला तर मला परत लिही.

शब्दांचं म्हणशील तर पॉल नेशन म्हणून या विषयातले मोठे अभ्यासक आहेत, त्यांनी २००० साली एका सहकाऱ्यासोबत केलेल्या अभ्यासात असं दिसलं की कुणाच्या मदतीशिवाय मजकूर नीट समजायचा तर त्यातले साधारण ९८ टक्के शब्द ओळखीचे लागतात. म्हणजे शंभरात दोन अडले तर ठीक. तुझ्या पानावर शंभरात पंधरा अडत असतील तर ते पान सरावासाठी आत्ता तुझं नाहीच, खालच्या इयत्तेचं पुस्तक घे, आठवीचं घे, लाजू नकोस. कोण बघतंय?

मॅडम मी सिन्नरचा, एफवायबीकॉम. रायटिंगच्या असाइनमेंट मी मोबाईलवर एआयला सांगून लिहून घेतो, मार्क पण चांगले पडतात. पण परवा पार्टटाइम जॉबच्या इंटरव्ह्यूला समोर बसवून चार ओळींचा ईमेल लिहायला सांगितला आणि हात चालेना. आता काय? — बी.कॉमचा विद्यार्थी

आता काय म्हणजे, पोहायचं शिकायला दुसऱ्याला गोदावरीत उतरवलंस आणि म्हणतोस मला पोहता येईना. वापरू नको असं मी म्हणणार नाही, म्हटलं तरी तू ऐकणार आहेस थोडाच. पण क्रम उलटा कर. आधी वहीत स्वतः लिही, चुकीचं का होईना, मग एआयला टाकून एवढंच विचार की चुका कुठे आहेत आणि का, सुधारून देऊ नको असं सांग त्याला. मग तूच सुधारून दुसऱ्यांदा लिही. दुसऱ्यांदा लिहिणं हेच रायटिंग आहे, पहिल्यांदा लिहितो ते नुसतं ओकणं असतं (माझ्या सरांचा शब्द, मला तेव्हा फार राग आला होता).

चुकांची एक वेगळी वही ठेव. आपल्या मराठी पोरांच्या चुका ठरलेल्या असतात. 'मी काल गेलेलो' म्हणायची सवय म्हणून 'आय हॅड गॉन यस्टरडे' लिहितो आपण, तिथे साधं 'आय वेंट' पाहिजे, 'हॅड गॉन' कधी तर भूतकाळातल्या दुसऱ्या कशाच्या तरी आधी गेलो असेन तेव्हा, म्हणजे बस आली तेव्हा मी गेलेलो होतो. 'डिस्कस अबाउट' पण नको, 'अबाउट' काढ. आणि ते 'अ' आणि 'द' सगळ्यांना छळतं ना, त्याला आजीची गोष्ट आठव. एक राजा होता. त्या राजाला दोन राण्या. पहिल्यांदा आला तेव्हा 'एक', ओळख झाल्यावर 'तो'. तेच 'अ किंग' आणि मग 'द किंग'. सगळीकडे लागू होत नाही हे, नद्यांना वगैरे वेगळे नियम आहेत, पण बरंचसं काम भागतं.

ईमेलचं म्हणशील तर पहिल्याच वाक्यात काय पाहिजे ते लिही. आपण आधी क्षेमकुशल विचारतो, चौथ्या ओळीत मुद्दा येतो, तोवर समोरच्याने पुढचा ईमेल उघडलेला असतो.

मुलगी एफवायला आहे, आम्ही ओझरला राहतो. कॉलेजमध्ये इंग्लिशचा पेपर आहेच तरी ती म्हणते कॉलेज रोडला क्लास लावायचाय, फी १८ हजार. लावावा का? — एक पालक

दादा, कॉलेजचा हा पेपर नवीन शैक्षणिक धोरणानंतर साधारण दोन क्रेडिटचा असतो आणि थिअरीचं एक क्रेडिट म्हणजे १५ तास, म्हणजे सेमिस्टरला ३० तास. वर्गात शंभर मुलं धरली आणि शिक्षकांनी शिकवणं बंद करून नुसत्या वह्या तपासल्या तरी एकेकाच्या वाट्याला १८ मिनिटं येतात, अख्ख्या सेमिस्टरला. त्यामुळे मुलीचं म्हणणं अगदीच उगाच नाही. पण क्लास लावायच्या आधी तिथे जा आणि एवढंच विचारा, मागच्या बॅचच्या कुणाची तपासलेली वही दाखवता का. लाल पेनाने नुसती टिकमार्क असतील तर चहा पिऊन घरी या. वाक्यं खोडून, बाजूला कारण लिहून, परत लिहायला लावलेलं दिसलं तर पैसे भरा. एसी, प्रोजेक्टर आणि '४५ दिवसांत फ्लुएंट' बघून भरू नका. आणि क्लास लावा न लावा, आठवड्याला एक पान लिहून ते कॉलेजच्या सरांना किंवा मॅडमना स्टाफरूममध्ये नेऊन दाखवायला सांगा तिला. शंभरातले दोघं-तिघंच येतात हो दाखवायला, आम्हाला बरं वाटतं.

ताई, मी सिडकोत राहते, वय ४४. मुक्त विद्यापीठातून बीए करतेय, इंग्लिश घ्यायची हिंमत केलीये पण घरात मुलं हसतात. वाचायला सुरुवात कुठून करू?

हसू दे त्यांना. मुक्त विद्यापीठ १९८९ पासून आपल्या नाशकात आहे ते तुमच्यासारख्यांसाठीच. पुस्तक नंतर, आधी पेपर घ्या, आणि एक युक्ती करा. सिंहस्थाची बातमी, रस्ते, घाट, साधुग्राम वगैरे, आधी मराठी पेपरात वाचा, मग तीच बातमी त्याच दिवशीच्या इंग्लिश पेपरात. काय झालंय ते आधीच माहीत असल्यामुळे अर्धे शब्द आपोआप उलगडतात, डिक्शनरी लागत नाही. दोन पेपर घरी परवडत नसतील तर सार्वजनिक वाचनालयात जाऊन बसा, आपलं सावाना (सार्वजनिक वाचनालय नाशिक) १८४० पासून आहे, तिथे वय कुणी विचारत नाही. बातमी वाचून झाली की वहीत दोनच ओळी इंग्लिशमध्ये, कुठे काय झालं एवढंच. महिन्याभराने ती वही मला पाठवा, तपासून देते, लाल पेनाने.