कर भरतो, पण कागद आवरत नाहीत

प्रश्न : ताई, माझा पुस्तकबांधणीचा लहानसा कारखाना आहे. मी धरून चार माणसं. कर द्यायला माझी कधीच ना नव्हती, आजही नाही. पण कर भरण्यापेक्षा तो कसा भरला हे लिहून देण्यात जीव मेटाकुटीला येतो. दर महिन्याला विक्रीचा तपशील, खरेदीचा तपशील, कामगारांच्या पगारातून कापलेल्या कराचा तपशील. वर्ष संपलं की तेच सगळं पुन्हा एकदा. गेले तीन रविवार एकटा बसून बिलं जुळवतोय. मागे आजारपणात एक महिना काम बंद होतं. विक्रीच नाही म्हणून विवरणपत्र भरलं नाही, तर विलंबाचा दंड आला. आता एक मोठं काम चालून आलंय, पण ते घेतलं तर उलाढाल लहान धंद्यांच्या सवलतीच्या मर्यादेपुढे जाईल आणि कागद आणखी वाढतील. घरचे म्हणतात, नको घेऊस. हा सगळा खटाटोप माझ्याच गळ्यात का? काम सोडून देऊ, की सगळं हिशेबनिसाच्या हवाली करून मोकळा होऊ?

उत्तर : दंडापासून सुरुवात करते, कारण तो तुम्हाला सगळ्यात जास्त लागलेला दिसतोय. काहीही न विकता दंड भरावा लागला तर कुणालाही लागेल. पण कर खात्याच्या लेखी कोरी जागा आणि शून्य या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. विवरणपत्र आलंच नाही, तर विक्री झाली नाही की झालेली लपवली, हे तिकडे कळायला मार्ग नसतो. म्हणून नोंदणी चालू आहे तोवर, शटर बंद असलं तरी, शून्याचं विवरणपत्र मुदतीत भरायचं. राहिलेलं विवरणपत्र आधी भरून टाका आणि मग दंडमाफीचा अर्ज करा. बऱ्याच देशांच्या करकायद्यांत आजारपणासारख्या सबळ कारणासाठी दंड माफ करण्याची तरतूद असते. अर्ज एका पानाचा असू द्या : कधीपासून कधीपर्यंत आजारी होता, कारखाना कधी बंद केला, कधी उघडला, विवरणपत्र कुठल्या तारखेला भरलं. दवाखान्याचे कागद जोडा. मनातला राग त्या पानावर उतरवू नका. तिथे तारखाच तुमची बाजू मांडतील.

आता तुमचा ‘माझ्याच गळ्यात का’. हा प्रश्न रास्त आहे आणि त्याचं सरळ उत्तर तुम्हाला कुणी दिलेलं नसावं. तुम्ही ज्या कराचे कागद भरता, त्यातला बराचसा कर तुमचा नसतोच. विक्रीवरचा कर गिऱ्हाईक देतं. पगारातून कापलेला कर कामगाराचा असतो. तुम्ही मधले, गोळा करून पोचवणारे. विक्रीवरच्या कराची आजची घडी फ्रान्समध्ये मोरिस लॉरे या कर अधिकाऱ्यानं बसवली; १९५४ साली ती तिथे लागू झाली आणि आज दीडशेहून जास्त देशांत चालते. प्रत्येक टप्प्यावरचा विक्रेता विक्रीवर कर घेतो, खरेदीत दिलेला कर त्यातून वळता करतो आणि उरलेला भरतो. कागदवाल्याचं विक्रीचं बिल आणि तुमचं खरेदीचं बिल एकच. दोघांनी ते वेगवेगळं कळवायचं आणि खात्यानं ताडून पाहायचं. चोरी रोखायला ही युक्ती फार चांगली आहे, हे मी मनापासून मानते. पण ती चालते तुमच्या रविवारांवर. कागदवाल्यानं बिलाचा एक आकडा चुकवला की मेळ बसत नाही, आणि फोन करत बसता तुम्ही.

मोठ्या कंपनीला हेच विवरणपत्र भरायला स्वतंत्र विभाग असतो. तुमच्याकडे सरस लावणारे, शिलाई मारणारे, कापणी करणारे हात आहेत, त्यातलेच दोन हात काढून कागदावर ठेवावे लागतात. फॉर्मची पानं धंद्याच्या आकारानुसार कमी होत नाहीत. ब्रिटनमधल्या बाथ विद्यापीठात सेड्रिक सँडफर्ड यांनी करपालनाच्या खर्चाचा अनेक वर्षं अभ्यास केला, आणि उलाढालीच्या मानानं हा खर्च लहान धंद्यांवरच सगळ्यात जड पडतो, हे त्यातून पुढे आलं. त्याआधी दोनशे वर्षं, १७७६ मध्ये, अॅडम स्मिथनं कराचे चार निकष मांडताना हा मनस्ताप हिशेबात धरला होता. मनस्ताप म्हणजे काही खर्च नव्हे, पण तो टळावा म्हणून माणूस जेवढे पैसे द्यायला तयार होईल तेवढी त्याची किंमत धरावी, असं त्याचं म्हणणं. तेव्हा तुम्ही रडगाणं गाताय असं समजू नका.

मी एकतीस वर्षं लहान धंद्यांचे हिशेब लिहिले. सुरुवातीच्या वर्षांत शिलाईयंत्रं दुरुस्त करणाऱ्या एक बाई वर्षाची बिलं एका पिशवीत भरून घेऊन आल्या. मी त्यांना तडकाफडकी म्हटलं, “महिन्याच्या महिन्याला का आणत नाही?” त्या म्हणाल्या, “रात्री दहाला काम थांबतं. त्यानंतरचा वेळ तुम्हीच सांगा.” माझ्याकडे उत्तर नव्हतं, आणि मी ज्या सुरात बोलले त्याची मला आजही खंत आहे. मी त्यांना एक वही दिली आणि महिनाभर फक्त एवढंच लिहायला सांगितलं : करासाठी कागदाला हात लावला की किती वेळ गेला. महिन्याचे अकरा तास भरले. त्यातले निम्म्याहून जास्त तास विवरणपत्र भरण्यात गेलेच नव्हते. हरवलेलं बिल शोधण्यात, पुरवठादाराकडून नोंदणी क्रमांक मिळवण्यात आणि घरखर्च धंद्यातून वेगळा काढण्यात गेले होते. त्यानंतर माझ्याकडे आलेल्या प्रत्येकाला मी ही वही दिली.

तुम्हीही महिनाभर ती लिहा. कामाचा निर्णय तीच करून देईल. मर्यादेच्या काठावर थांबणारे तुम्ही एकटे नाही. ब्रिटनमध्ये विक्रीकराच्या नोंदणीची मर्यादा बरीच वर्षं ८५,००० पौंड होती, एप्रिल २०२४ पासून ९०,००० झाली; तिथे मर्यादेच्या जेमतेम खाली थबकलेल्या धंद्यांची गर्दी आकडेवारीत स्पष्ट दिसते. म्हणजे कागदाच्या धास्तीनं किती तरी कामं न होता राहतात. मला याचं फार वाईट वाटतं. तुमचं काम त्यात जमा होऊ नये. वाढणाऱ्या कागदाला महिन्याला किती तास लागतील याचा अंदाज घ्या, तुमच्या तासाची मजुरी लावा आणि ती रक्कम दरपत्रकात घाला. सरस आणि कापड धरता, तसे हे तासही धरायचे. आणखी एक हिशेब विसरू नका : दरावर पूर्ण कर लावावा लागेल, आणि जी गिऱ्हाईकं तो आपल्या करातून वळता करू शकत नाहीत त्यांना तुमचं काम महाग पडेल. एवढं करूनही हातात पुरेसं उरत असेल तर काम घ्या. उरत नसेल तर दर कमी आहे. तसं गिऱ्हाइकाला सांगा. आणि काम एकदाच येणारं असेल, तर मर्यादा तात्पुरती ओलांडणाऱ्यांसाठी वेगळी सोय आहे का, हे होकार देण्याआधी विचारा. काही देशांत ती असते, पण मागावी लागते.

हिशेबनिसाच्या हवाली सगळं करू नका, निम्मं करा. विवरणपत्र भरणं, मुदती पाळणं, नोटिशीला उत्तर देणं त्यांच्याकडे द्या. रोजमेळ मात्र तुमच्याकडे राहू द्या. दिवस संपताना दहा मिनिटं, त्या दिवशीचीच बिलं. त्यात भावना, थकवा, कंटाळा काहीही आडवं येऊ देऊ नका. कुठलं बिल कशाचं हे तुम्हालाच ठाऊक असतं, आणि तीन महिन्यांनी तुम्हालाही आठवत नाही. विवरणपत्रावर सही तुमची असते, त्यामुळे चूक कुणाचीही असो, जाब तुम्हाला विचारला जातो. भरल्याची पोहोच दर वेळी मागून घ्या. “भरलंय” या तोंडी शब्दावर विसंबलेल्या माणसांचे दंड मी पाहिले आहेत. धंद्याचं बँक खातं अजून वेगळं नसेल तर ते आधी उघडा, आणि नव्या पुरवठादाराचा नोंदणी क्रमांक पहिले पैसे देण्याआधी घ्या. पैसे पोचल्यावर तो मिळवणं अवघड जातं.

वहीतले तास भरले की ते तुमच्या व्यवसायाच्या संघटनेला कळवा. हे मी उगाच सुचवत नाही. २०१० साली अमेरिकेत आरोग्यविम्याच्या मोठ्या कायद्यात एक कलम घातलं गेलं : एका पुरवठादाराला वर्षभरात ६०० डॉलर किंवा जास्त दिले, तर त्याच्या नावाचा वेगळा फॉर्म भरून खात्याला कळवायचं. आधी हा नियम प्रामुख्यानं सेवांपुरता होता आणि कंपन्यांना दिलेले पैसे बहुतांशी वगळलेले होते. या कलमानं मालाची खरेदीही आत आणली. २०१२ पासून ते लागू व्हायचं होतं. तिथल्या कर खात्यातच करदात्यांची बाजू मांडणारं पद आहे. त्या पदावरच्या नीना ओल्सन यांनी अहवालात लिहिलं की हा भार सुमारे ४ कोटी करदात्यांवर पडेल, आणि त्यातले २.६ कोटी एकट्याच्या मालकीचा धंदा करणारे आहेत. लहान धंदेवाल्यांनी आवाज उठवला, आणि एप्रिल २०११ मध्ये ते कलम लागू होण्याआधीच रद्द झालं. सिनेटमध्ये ८७ विरुद्ध १२ मतं पडली. दोन्ही पक्षांचे लोक एका बाजूला आले, कारण किती फॉर्म आणि किती माणसांवर, हे आकड्यांत समोर आलं होतं. तुमच्या संघटनेकडे “फार त्रास होतो” अशी पत्रं खूप येत असतील. “महिन्याला इतके तास, त्यातले इतके एकच माहिती दुसऱ्यांदा लिहिण्यात” असं पत्र क्वचितच येतं.

प्रश्न : ताई, मी शिवणकाम करते. तपासणीला जपून ठेवलेल्या पावत्या काढल्या, तर निम्म्या कोऱ्या झालेल्या. आता काय?

उत्तर : त्या पावत्या उष्णतेनं उमटणाऱ्या कागदावरच्या आहेत; ऊन, उष्णता आणि प्लॅस्टिकच्या पाकिटानं त्यांची अक्षरं उडतात. उडालेल्यांसाठी दुकानदाराकडे दुसरी प्रत मागा आणि बँकेच्या उताऱ्यातली नोंद सोबत लावा. यापुढे पावती हातात पडली त्याच दिवशी तिचा फोटो काढा आणि कोऱ्या बाजूला पेन्सिलीनं तारीख, रक्कम आणि कशासाठी ते लिहा. मूळ पावती फेकू नका, ती कागदी पाकिटात ठेवा.