‘आता व्हिडिओ कॉल आहे ना’ म्हणणाऱ्या ऐरोलीच्या मैत्रिणीला

तुमचा प्रश्न वाचला आणि गप्प बसवेना. तुम्ही ऐरोलीच्या, मिस्टरांना म्युनिकची ऑफर आलीय, मुलगी तिसरीत जाणार, सासूबाई तिकडेच राहणार, आणि तुम्ही विचारलंय की आता व्हॉट्सअॅप, व्हिडिओ कॉल, सगळंच ऑनलाइन असताना पूर्वीइतकं तुटल्यासारखं होत नसेल ना. मी ठाण्याची, नौपाड्यातली. २०१७ ला इथे म्युनिकला आलो तेव्हा माझी मुलगीही तिसरीतच होती, म्हणून म्हटलं हिला आपणच लिहावं.

ब्लू कार्ड (नोकरीवाल्यांचा राहायचा परवाना), पगाराची अट, इन्शुरन्स यातलं काही सांगत नाही. ते वकिलातीच्या साइटवर आहे, आकडे दरवर्षी बदलतात, तिथेच बघा.

साइटवर नसतं ते हे की घर मिळालं की बॅगा उघडायच्या आधी लेटरबॉक्सवर आणि बेलवर आडनाव लावून घ्या. हसू नका. इथे बहुतेक बिल्डिंगमध्ये फ्लॅट नंबर नसतो, पोस्टमन आडनाव बघून पत्र टाकतो, नाव नसेल तर पत्र परत. आणि हा देश पत्रांवर चालतो हो! टॅक्सचा नंबर पत्राने, बँकेचा पिन पत्राने, घरात टीव्ही असो नसो रेडिओ-टीव्हीचे महिन्याला १८.३६ युरो भरा म्हणून सांगणारंही पत्रच. आमच्या घरमालकाने नावाची पट्टी लावायला इतका वेळ काढला की टॅक्स नंबरचं पत्र परत गेलं आणि नवऱ्याच्या पगारातून भलताच कर कापला गेला. मिळाले पैसे नंतर, पण सुरुवातीला घराचं डिपॉझिट, मुलीचे थंडीचे कपडे, सगळं एकदम अंगावर येतं आणि त्यात हे. आपण ठाण्यात कोथिंबिरीच्या जुडीलाही क्यूआर कोड स्कॅन करणारी माणसं, आणि इथे डॉक्टरकडे मी फॅक्स मशीन बघितलं, शोभेचं नाही, चालू असलेलं!

उलट बाजूचीही गंमत ऐका. आपल्याकडे सगळं ऑनलाइन आहे ते भारतातल्या मोबाईल नंबरवर ऑनलाइन आहे. बँकेचा ओटीपी त्यावर, आधारचा ओटीपी त्यावर, सासूबाईंचं लाइट बिल भरायचं तरी त्यावर. त्यामुळे जुना फोन जुन्या सिमसकट घेऊन या, रोमिंग चालू ठेवा, रिचार्ज विसरू नका. नंबर एकदा हातातून गेला की दुसऱ्याला मिळतो आणि मग बँकेला पटवत बसा की मी मीच आहे. परदेशी नंबरवर यूपीआय चालू करायला २०२३ मध्ये परवानगी मिळाली, पण पहिल्या यादीत दहाच देश होते, त्यात सिंगापूर, अमीरात, अमेरिका वगैरे होते, जर्मनी नव्हतं. सेव्हिंग अकाउंट एनआरओ, म्हणजे परदेशी राहणाऱ्या भारतीयांचं, करावं लागतं ते निघायच्या आधी प्रत्यक्ष ब्रँचमध्ये बसून करा. आणि तिकडे घर तुमच्या नावावर असेल आणि बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला जायच्या गप्पा चालू असतील (कुठे नाहीत म्हणा) तर कोणाच्या तरी नावाने मुखत्यारपत्र निघण्याआधीच करून टाका. इथून केलं तर आधी कॉन्सुलेटची अपॉइंटमेंट, मग कुरियर, मग महाराष्ट्रात पोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर स्टॅम्प ड्युटी. माझा भाऊ त्या कागदासाठी उन्हातान्हात इतका फिरलाय की अजून विषय निघाला की आवाज चढतो त्याचा.

आता शाळा. इथे मी लांबण लावणार आहे, आधीच सांगते.

बव्हेरियात, म्हणजे म्युनिकच्या राज्यात, चौथीनंतर मुलांची वेगवेगळ्या शाळांत वाटणी होते. मार्क १ ते ६, १ म्हणजे सगळ्यात चांगला, ६ म्हणजे सगळ्यात वाईट. जर्मन, गणित आणि एचएसयू, म्हणजे आपला परिसर अभ्यास धरा, या तिघांची सरासरी काढतात. २.३३ पर्यंत असेल तर गिम्नाझियम, तिथून सरळ युनिव्हर्सिटीचा रस्ता. २.६६ पर्यंत रेआलशूले, ही मधली, दहावीपर्यंतची. त्याच्या वर गेलं की मिटेलशूले, कामधंद्याकडे नेणारी. नऊ-दहा वर्षांच्या मुलांचं हे! चौथीच्या मे महिन्यात त्याचं सर्टिफिकेट हातात पडतं आणि त्या वर्षभर इथल्या आयांचे चेहरे बघावेत, आपल्या दहावीच्या आया बऱ्या.

माझी लेक आली तेव्हा तिला जर्मनमध्ये ‘टॉयलेटला जाऊ का’ एवढंच येत होतं, ते मी विमानात शिकवलेलं. चौथीत तिला गणितात १, परिसर अभ्यासात ३, जर्मनमध्ये ४. बेरीज आठ, भागिले तीन, २.६६. गणिताचा पेपर भाषेचे दोन ओळींचे प्रश्न वाचून सोडवून एक आणणारी मुलगी. परिसर अभ्यासात तरी काय, इथल्या रानातली झाडं आणि पक्षी, जे तिने बघितले नव्हते कधी, तिला येऊरचं जंगल माहीत. बाईंनी समोर बसवून अगदी गोड आवाजात सांगितलं की रेआलशूले छान आहे, तिला झेपेल. झेपेल हा शब्द अजून कानात आहे माझ्या.

आणि मग वर्षभराने इथल्या भारतीय पालकांच्या एका व्हॉट्सअॅप ग्रुपमध्ये कोणीतरी आम्हाला घेतलं. तिथे गुड मॉर्निंगची फुलं आणि कढीपत्ता कुठे मिळतो यांच्या मधोमध एका बाईंनी नियम टाकला होता, त्यांच्या मुलासाठी शोधून काढलेला. ज्या मुलाची मातृभाषा जर्मन नाही आणि जे पहिलीपासून जर्मन शाळेत नव्हतं, त्याला ३.३३ पर्यंतही गिम्नाझियमला पात्र ठरवता येतं, जर कमी मार्क भाषेमुळे असतील आणि ती कमतरता भरून निघण्यासारखी असेल. सरकारी नियम, छापील. वर्गाच्या बाईंना माहीत असणारच ना? आम्हाला एका अक्षराने कोणी बोललं नाही. वर्गाच्या पालकांचा जर्मन ग्रुप होता, त्यात मी पहिल्या दिवसापासून होते, त्यात कोणाची टोपी राहिली आणि उद्या केक कोण आणणार एवढंच यायचं.

लेक आता रेआलशूले संपवून एफओएसला, म्हणजे दहावीनंतरच्या शाळेत आहे, तिथूनही पुढची वाट आहे, मजेत आहे, मला म्हणते आई सोड ना आता. तिचं सुटलंय. माझंच सुटत नाही.

बरं, तुमचा मूळ प्रश्न. माझा मामा मस्कतला होता, ऐंशीच्या दशकात. तो कॅसेटवर आवाज भरून पाठवायचा, अख्खी चाळ जमून ऐकायची, आजी कॅसेटलाच ‘जेवलास का’ विचारायची. दोन वर्षांनी तो यायचा तेव्हा रात्र रात्र गप्पा चालायच्या, कारण कोणालाच काही माहीत नसायचं. मी जाते ना आता ठाण्याला, तर पहिल्या संध्याकाळीच सगळे फोनमध्ये. सांगणार काय? माझा नवा सोफा त्यांनी स्टेटसवर बघितलाय, वहिनीचं ऑपरेशन मला टाक्यांच्या फोटोसकट माहीत आहे. दर दिवशी थोडं थोडं बोलून गप्पा आधीच संपवून टाकलेल्या असतात आम्ही.

आमच्याकडे हे बदललं ते २०१६ च्या सप्टेंबरात जिओ आलं आणि नोव्हेंबरात व्हॉट्सअॅपवर व्हिडिओ कॉल आला तेव्हापासून. आईला स्वतःचा फोन मिळाला, भावाला विनवण्या करायची गरज राहिली नाही. ती आता भाजी फोडणीला टाकून मला लावते, फोन डब्याला टेकवून, मला कढईच दिसते आणि आईचा अर्धा कान. छान वाटतं, खोटं कशाला बोलू. पण इथे उन्हाळ्यात साडेतीन तास मागे, हिवाळ्यात साडेचार. तिच्या सवडीच्या वेळी मी ऑफिसात, माझी सवड होते तेव्हा तिची मालिका संपून डोळे मिटत असतात.

मागे आई बाथरूममध्ये पडली. मला कसं कळलं? सोसायटीच्या ग्रुपवर, ज्यात मी फ्लॅटची मालक म्हणून आहे. पाण्याचा टँकर कधी येणार यावर भांडण चाललेलं, त्यात मधेच मेसेज, अमुक काकू पडल्यात, रिक्षा मिळत नाहीये, कोणाची गाडी आहे का खाली. मी म्युनिकच्या ट्राममध्ये उभी, दुसऱ्या मजल्यावरच्या काकांनी ‘आलो’ लिहिलं ते मी वाचतेय, मग एकाने नमस्काराचे हात टाकले, मग परत टँकर. मला एका मिनिटात कळलं आणि माझा उपयोग शून्य. मामाला आजी गेल्याचं तारेने कळलं होतं, त्याला निदान ते घडताना बघत बसावं लागलं नाही.

त्यानंतर आम्ही हॉलमध्ये कॅमेरा बसवला. मी ऑफिसातून बघायचे, आई सोफ्यावर बसून फोनमध्ये भजनी मंडळाच्या ग्रुपवर काहीतरी ऐकतेय. तिच्या मैत्रिणी, ज्या पूर्वी रोज तलावपाळीला फेरी मारायच्या, त्या त्याच ग्रुपवर, आपापल्या सोफ्यावर. म्हणजे मी परदेशात म्हणून आईशी स्क्रीनवर बोलते म्हणावं तर समोरच्या बिल्डिंगमधली कुलकर्णी काकूही तेच करते. काही दिवसांनी कॅमेऱ्यात नुसतं हिरवं दिसायला लागलं. आईने त्यावर टॉवेल टाकला होता, म्हणाली मला घरात गाऊनवर फिरायचं असतं. बरोबर आहे तिचं.

फोटोंवरून तर आमची भांडणं झाली आहेत. २०१८ च्या मे पासून युरोपात जीडीपीआर, म्हणजे खासगी माहिती जपायचा कायदा आला, शाळेने फॉर्म भरून घेतले, कार्यक्रमात दुसऱ्यांच्या मुलांचे फोटो काढू नका म्हणून सांगितलं. आईला हे पटवून दाखवा! नात स्टेजवर नाचली आणि फोटो नाही म्हणजे मीच आळशी.

एकटेपणाचं सगळे विचारतात. येतो, जातो. नोव्हेंबरात येतो, व्हिटॅमिन डी घ्या, महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीला जा, भाषेचा क्लास लावा. त्यावर जास्त लिहिण्यासारखं काही नाही.

लिहिण्यासारखं दुसरंच आहे आणि ते घरच्या ग्रुपवर लिहिता येत नाही म्हणून इथे लिहितेय. तिकडे दर दिवाळीत कोणीतरी विचारतं, मग कधी येताय कायमचे? मी लिहिते, बघू, लेकीचं शिक्षण झालं की. त्यावर बदाम येतात. आणि मला परत जायचं नाहीये. ठाणं आवडत नाही म्हणून नाही, मामलेदारची मिसळ आठवली की अजून तोंडाला पाणी सुटतं. पण इथे मी संध्याकाळी एकटी नदीकाठी चालायला जाते आणि कोणी विचारत नाही कुठे निघालीस. मला ते सोडायचं नाही. नवऱ्याला जायचंय, त्याचं त्याच ग्रुपवर मनापासून चालतं, तो नौपाड्यातल्या खड्ड्यांच्या बातम्या इथे बसून वाचतो आणि संतापतो. त्याला अजून इथल्या शेजाऱ्याचं नाव धड सांगता येत नाही. फोन नसता तर शिकला असता का? कदाचित परतच गेला असता दुसऱ्या वर्षी. मला खरंच ठरवता येत नाही. तुम्ही दोघांनी हे निघायच्या आधी एकमेकांशी बोलून घ्या, व्हिसापेक्षा आधी.

सासूबाईंना फोन शिकवताय ते चांगलं, पण त्यांच्या मजल्यावर कोण राहतं, रात्री दोन वाजता दार कोण उघडेल, ते आधी बघा, एक किल्ली तिथे देऊन ठेवा, आणि दर खेपेला त्या घरी बॅग भरून चॉकलेटं न्या. आमच्या दुसऱ्या मजल्यावरच्या काकांना मी नेते, ते डायबेटिसवाले आहेत, तरी घेतात.

आणि मुलीच्या शाळेची पहिली पालकसभा असेल ना, त्यात ३.३३ चा नियम आठवणीने विचारा. जर्मन येत नसेल तर कागदावर लिहून न्या. सगळ्यांसमोर विचारा.